आयईएलटीएस रीडिंग ६.५ वर अडकलंय, ७ कसे आणू?

रात्रपाळी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी परळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. यूकेसाठी तयारी चालू आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या अकॅडमिक प्रकारात रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगला ७ बँड आणि रायटिंगला ६.५ लागतात. बाकीचं सगळं निघालं, अगदी रायटिंगसुद्धा (ज्याची सगळ्यांनी भीती घातली होती). रीडिंग मात्र ६.५ वरून हलायला तयार नाही.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. इंग्रजी वाचता येत नाही असं नाही, प्रोटोकॉल आणि औषधांची माहितीपत्रकं रोजच वाचते. पण परीक्षेत पहिला उतारा समजून घेत नीट वाचते, दुसऱ्यात धावपळ होते आणि तिसऱ्याला वेळच उरत नाही. मग नुसती ठोकाठोकी. दुसरी डोकेदुखी ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनची, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही, ते ओळखायचं. परवा सरावाला लसीकरणावरचा उतारा आला. म्हटलं हा तर घरचाच विषय, आणि सगळ्यात जास्त चुका त्यातच! क्लासमध्ये विचारलं तर ‘स्किमिंग करा, स्कॅनिंग करा’ एवढंच ऐकायला मिळतं. ते करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

अभ्यासाला वेळ म्हणजे डोंबिवली-दादर लोकल, नाहीतर नाइट ऑफ. उभ्याने अख्खा उतारा होत नाही.

कमी_साखर_कटिंग

रोज इंग्रजी पेपर वाचा, अग्रलेखासकट. सहा महिन्यांत फरक दिसेल.

रात्रपाळी_डोंबिवली

सहा महिने हाताशी असते तर इथे कशाला विचारलं असतं हो दादा :)

पार्ल्याच्या_बाई

अग्रलेखांनी भाषा सुधारते, त्याबद्दल वाद नाही. पण सिस्टरना आत्ता गुण हवे आहेत. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून परदेशी जाणाऱ्या मुलींचं रीडिंग घरी घेते, बहुतेक नर्सेसच असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

आधी हिशेब. ६० मिनिटं, तीन उतारे, सगळे मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द, आणि ४० प्रश्न. प्रत्येकाला एक गुण, चुकलं तर गुण कापत नाहीत. अकॅडमिकमध्ये ३० च्या आसपास बरोबर आले की ७ बँड मिळतात, पेपर सोपा-कठीण असेल तसा एखादा गुण इकडेतिकडे. म्हणजे दहाएक उत्तरं चुकायची तुम्हाला मुभा आहे. तुम्ही मात्र पहिल्या उताऱ्यात एकही चुकू नये म्हणून जीव टाकता आणि तिसऱ्यातले सोपे गुण न वाचताच सोडून येता. तिसरा उतारा कठीण असतो, त्यातला प्रत्येक प्रश्न कठीण नसतो. वीस मिनिटं झाली की उतारा बंद. राहिलेल्या जागी काहीतरी लिहा, रिकामी ठेवू नका, आणि पुढे चला. मुली इथेच हट्ट करतात, ‘बाई, एवढं एकच बघते’ म्हणून. त्या एकात चार मिनिटं जातात. आणि लेखी पेपरला लिसनिंगनंतर उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळतात, तशी रीडिंगला मिळत नाहीत. उत्तर थेट उत्तरपत्रिकेवरच लिहायचं.

स्किमिंग-स्कॅनिंगचं म्हणाल, तर ते तुम्ही रोज ड्यूटीवर करता. हँडओव्हरला केसपेपर हातात आला की पहिल्या पानापासून वाचत बसता का? आधी डायग्नोसिस, ऑपरेशन झालंय का, सध्याच्या ऑर्डर्स. हे स्किमिंग. मग डॉक्टरांनी पोटॅशियम विचारलं की बोट सरळ रिपोर्टच्या त्या आकड्यावर. हे स्कॅनिंग. उताऱ्यात प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नीट वाचा, बाकीच्यावर नुसती नजर फिरवा, आणि समासात मराठीतच एक शब्द टाका: ‘खर्च’, ‘विरोध’, ‘उंदरांवर प्रयोग’. माझ्याकडे एक मुलगी फक्त ‘भांडण’ आणि ‘समेट’ असंच लिहायची. शास्त्रज्ञांचे मतभेद कुठल्या परिच्छेदात आहेत ते तिला बरोबर सापडायचं. दोन-तीन मिनिटांत हे उरकलं पाहिजे. मग प्रश्न.

आता नॉट गिव्हन. समजा उताऱ्यात एवढंच आहे: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. तिच्यात सुमारे चारशे पाहुणे होते.’ खाली तीन विधानं.

‘ही गाडी ठाण्याहून सुटली.’ फॉल्स. उतारा बोरीबंदर म्हणतो.

‘गाडीला तीन इंजिनं होती.’ इथे मुंबईकर हमखास फसतो. होतीच की तीन, साहिब, सिंध आणि सुलतान! पण उताऱ्यात इंजिनाचं नावही नाही. नॉट गिव्हन.

‘पाहुण्यांनी तिकिटं काढली होती.’ तुम्ही म्हणाल, पाहुणे म्हटल्यावर तिकीट कसलं, फॉल्स. तो तुमचा तर्क झाला. तिकिटाविषयी उतारा गप्प आहे, म्हणून हेही नॉट गिव्हन.

फॉल्स लिहायचं तर विधानाला खोटं पाडणारी ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. ट्रूचंही तेच. लसीकरणाच्या उताऱ्यात तुम्ही उत्तरं वॉर्डातून दिलीत. विषय ओळखीचा निघाला की जास्त सावध व्हा. मला विचाराल तर मधमाश्यांवरचा नाहीतर जुन्या काचकामावरचा उतारा नर्सला बरा, तिथे घरून काही आणता येत नाही.

आणखी एक. या प्रकारातली विधानं उताऱ्याच्या क्रमानेच येतात. तिसऱ्याची ओळ सापडली, पाचव्याची सापडली, तर चौथ्याची त्या दोघींच्या मधेच असणार. मधे दोनदा पाहून मिळाली नाही तर नॉट गिव्हन लिहून मोकळ्या व्हा. जे नाहीच ते शोधण्यात तुमचा तिसरा उतारा जातोय. मात्र ‘ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे’ या प्रश्नांना असा क्रम नसतो, ते शेवटी घ्या.

परिच्छेदांना शीर्षकं जुळवायची असतील तर शीर्षकातला शब्द परिच्छेदात जसाच्या तसा दिसला म्हणून भुलू नका, बरेचदा तो मुद्दाम पेरलेला असतो. समासातला तुमचा मराठी शब्द बघा, तो जास्त खरं सांगेल. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं असताना तीन लिहिले की गुण गेला. स्पेलिंग चुकलं तरी गेला.

लोकलसाठी: मोबाइलमध्ये एकेका परिच्छेदाचे फोटो ठेवा. डोंबिवलीला चढल्यावर एक वाचा, मोबाइल पर्समध्ये टाका आणि मनातल्या मनात त्याला शीर्षक द्या. उभ्यानेही जमतं. तिन्ही उतारे घड्याळ लावून एका बैठकीत, ते नाइट ऑफलाच, झोप काढून झाल्यावर. सरावाला केंब्रिजचे जुन्या पेपरांचे संच पुरेत. फाउंटनच्या फुटपाथवर सेकंडहँड मिळाले तर मुखपृष्ठावर ‘अकॅडमिक’ आहे ना बघून घ्या, जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या प्रकाराचं रीडिंग वेगळं असतं. आणि आधीच्या मालकाने पेन्सिलने उत्तरं भरून ठेवलेली असतात, ती आधी खोडा. निम्मी चुकीची असतात.

ठाणे_स्लो

बाईंना +१. कॉम्प्युटरवर देणार असाल तर सरावही स्क्रीनवरच करा. डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न, दोन्ही वेगवेगळे स्क्रोल होतात. याची सवय नसेल तर आपण कुठल्या ओळीवर होतो तेच हरवतं. मजकूर सिलेक्ट करून हायलाइट करता येतो, तो भरपूर वापरा. शब्द शोधायची सोय मात्र नसते. आणि लिसनिंग, रीडिंग, रायटिंग सलग होतात, मधे सुट्टी नाही. नाइट करून सकाळचा स्लॉट घेऊ नका, प्लीज.

मीरा_रोड_मावशी

ओईटीचा, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, विचार केलात का? एनएमसीला तेही चालतं, आणि उतारे सगळे आरोग्यावरचे. माझ्या भाचीने तेच दिलं.

पार्ल्याच्या_बाई

चालतं की. रीडिंगला ३५० लागतात, म्हणजे बी ग्रेड. पण त्यात ४२ प्रश्न आहेत आणि पहिल्या भागात चार मजकुरांवरचे २० प्रश्न १५ मिनिटांत संपवायचे असतात. सिस्टरांची अडचण वेळेची आहे आणि ओळखीच्या विषयाची. ओईटीत दोन्ही पुन्हा दारात उभ्या. शिवाय फी बरीच जास्त. रीडिंगची गाडी अर्ध्या बँडवर अडली असताना मी तरी परीक्षा बदलणार नाही. भाचीचं झालं हे मात्र छान.

रात्रपाळी_डोंबिवली

बाई, खूप खूप आभार. काल रात्री ब्रेकमध्ये तोच लसीकरणाचा उतारा पुन्हा काढला. प्रत्येक उत्तरासमोर ओळीचा नंबर लिहायचा असं ठरवलं. तीन ट्रू असे निघाले की ज्यांना ओळच नव्हती, सगळे मी आमच्या इम्युनायझेशन चार्टवरून लिहिले होते. समासात मराठी लिहायला आधी कसंतरी वाटलं, पण चाललं.

एक शंका राहिली. हायफनने जोडलेला शब्द मोजताना एक की दोन? आणि उत्तर सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तर चालतं का?

पार्ल्याच्या_बाई

हायफनवाला एकच धरतात. कॅपिटल चालतं. ओळीचा नंबर लिहायचं सोडू नका, पुढचा संच झाला की तिसऱ्या उताऱ्याचे गुण इथे टाका.