शनिवारी वाचनालयात पैशांचा वर्ग

बी-३०४ : नमस्कार सोसायटीतल्या मंडळींनो. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून आत्ताच आले. दर शनिवारी ५ ते ६ वाचनकक्ष द्यायला ग्रंथपाल मॅडम तयार आहेत. पैशांचे व्यवहार समजून घ्यायचे, लहानथोर सगळ्यांनी. आईचं झालं ते काहींना माहीत आहे. जुना फ्रीज विकायला काढला होता. फोनवरचा म्हणाला, ‘आजी, पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करून पिन टाका.’ तिने टाकला, ९,००० गेले. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, एवढं एक वाक्य तिला आधी कळायला हवं होतं.

सी-५०१ : अरे देवा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केलात का?

बी-३०४ : दुसऱ्या दिवशी. लाजेने ती रात्रभर कुणाला बोललीच नाही. लगेच केला असता तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता आली असती. म्हणून वाचनालय म्हणतेय. बँकेत मागे रांग उभी असते, शंका विचारायला माणूस बिचकतो. वाचनालयात बायका मासिक बदलायला येतातच, मुलं अभ्यासिकेत असतातच.

ए-२०३ काका : ३१ वर्षं बँकेत काउंटरवर काढली, मी शिकवायला येतो. पण एजंट नको म्हणजे नको. चहा-सामोसा देऊन माहितीच्या नावाखाली शेवटी पॉलिसीचे फॉर्म पुढे करतात, ते तिथे होऊ द्यायचं नाही. एका बँकेतल्या ठेवींना विमा मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंतच असतो, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म कुणी भरायचा, इथून सुरुवात करू.

सी-५०१ : मुलांचंही घ्या ना. आमच्या लेकीला मी किराण्याचं बिल वाचायला देते. परवा तिने शोधलं, तेलाचा मोठा डबा लिटरमागे लहान पिशवीपेक्षा महाग पडत होता! शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं सोडवतात, पण क्रेडिट कार्ड थकलं की तेच व्याज आपल्या अंगावर कसं चढतं, ते कुणी दाखवत नाही.

ए-१०२ काकू : मी विचारू का? ह्यांच्या कपाटात एक पासबुक सापडलं. कव्हर फाटलंय, शेवटची नोंद २००९ ची. बँकेत गेले तर या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं. बुडाले का ते पैसे?

ए-२०३ काका : नाही वहिनी, मुळीच नाही. १० वर्षं व्यवहार झाला नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क राहतो. अर्ज आपल्याच बँकेत करायचा. आधी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव शोधू. पासबुक आणि भाऊंचं पॅन आणा.

ए-१०२ काकू : पॅन नव्हतं हो ह्यांचं. मतदान कार्ड आहे.

ए-२०३ काका : चालतं. तुमचा मोबाइलही आणा, ओटीपी येईल. तो मलासुद्धा सांगायचा नाही, तुम्हीच टाकायचा.

ए-१०२ काकू : बरं भाऊजी. शनिवारी पावणेपाचलाच येऊन बसते.