आफ्रिकेतली शहरं, पूर आणि क्लायमेट जस्टिस (हवामानबदलाची झळ कुणाला बसते, यातला न्याय-अन्याय): प्रबंधासाठी कुठलं शहर घेऊ?

मेघा_भूगोल: एमएचा प्रबंध आहे. अहवाल ढिगाने सापडतायत पण त्यात वस्तीत राहणारा माणूस कुठेच नाही. मला एकच शहर धरून खोलात जायचंय, पुरावर. कुणी सुचवाल का?

सागर_७: दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन घ्या. एप्रिल 2022 मध्ये तिथे काही ठिकाणी 24 तासांत 300 मिमीच्या वर पाऊस झाला, 400 च्या वर माणसं गेली, आणि असा पाऊस पडायची शक्यता तापमानवाढीमुळे साधारण दुप्पट झालीय असं शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवलं. पण तुम्हाला हवंय ते तिथल्या क्वारी रोड वेस्ट या वस्तीत मिळेल. पाल्मिएट नदीला अगदी खेटून पत्रा-फळ्यांची घरं. क्वाझुलू-नाताल विद्यापीठ, महापालिका आणि वस्तीतले लोक यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मोठ्या पावसाचा इशारा आला की त्यावर पडतो, इकडून वस्तीतले लोक पाणी कुठवर चढलंय ते कळवतात, मग दारोदार जाऊन सगळ्यांना बाहेर काढतात. त्या पुरात घरं वाहून गेली पण या वस्तीतला एकही जीव गेला नाही. नदी रोज बघणाऱ्या माणसाची माहिती संशोधनात धरली की काय होतं ते इथे दिसतं.

ज्योती_के: सागर, काम मोठंच आहे, पण जीव वाचला म्हणजे न्याय झाला असं नाही ना. घर परत त्याच काठावर उभं राहतं कारण दुसरीकडे जागा परवडत नाही. केनियातलं 2024 चं नैरोबी बघा, एप्रिल-मेमध्ये मथारे नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, लोक अजून चिखल उपसतायत तोवर सरकारने नदीपासून 30 मीटरच्या आतली घरं बुलडोझर लावून पाडली. ज्यांनी जगाच्या प्रदूषणात जवळपास काहीच भर घातली नाही त्यांचंच घर दोनदा गेलं, याचा मला खरंच संताप येतो. मेघा, तिथल्याच मुकुरू या वस्तीबद्दल पण वाचा. 2017 मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारने, ते खास नियोजन क्षेत्र जाहीर केलं, म्हणजे त्याच्यासाठी वेगळा आराखडा करायचं ठरवलं, मुउंगानो वा वानाविजिजी या वस्तीवाल्यांच्या संघटनेने दहा-दहा घरांचे गट बांधले आणि रस्ते, पाणी, गटारं कशी हवीत ते त्या गटांतून वर गेलं.

मेघा_भूगोल: दोन्ही शहरं घेतली तर चालेल का? गाइड म्हणतात आवाका फार वाढेल.

ज्योती_के: गाइडचं ऐका. डर्बनच ठेवा, आणि इशारा मिळाल्यावर माणसं जातात कुठे, परत कधी येतात, जागेचं पुढे काय होतं एवढंच धरा.