पिंटो बीन्स: साल चिवट, आत लगदा, रस पाणचट. चुकतंय कुठे?

आमटीभुरका

मुक्काम सॅन अँटोनिओ, टेक्सस. इथे टिनमधले पिंटो (राजम्याच्याच जातीचे ठिपकेदार दाणे) सगळीकडे मिळतात, पण सुके आणून घरी शिजवायचे आहेत. इथल्या मेक्सिकन खानावळीत वाटीत देतात तसे हवेत: दाणा अख्खा, जिभेने दाबला की विरघळणारा, रस दाटसर.

सध्याची कृती: १ पौंड (४५० ग्रॅम) दाणे रात्रभर नळाच्या पाण्यात भिजवले. सकाळी पाणी बदलून इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरचा प्रेशर कुकर) ८ कप पाणी, चिरलेले २ टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची आणि जिरेपूड घातली. हाय प्रेशरवर २५ मिनिटं, मग लगेच वाफ सोडली. मीठ शेवटी, कारण आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही असं ऐकलंय.

निकाल: निम्मे दाणे फुटून लगदा, उरलेल्यांची साल चिवट, मधूनच एखादा खडा. दाणे एकीकडे, पाणी एकीकडे. शाकाहारी घर आहे.

मंद_आच

चूक एक नाही, पाच आहेत. एकेक घेऊ.

टोमॅटो. दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. दाणा शिजतो म्हणजे हे पेक्टिन सुटतं. आंबट पाण्यात ते सुटायला तयार नसतं. टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर, टिनमधली चटणी, काहीही असो, दाणा पूर्ण बोटचेपा झाल्यावरच घाला. त्यानंतर मात्र आंबट घालून हवं तितकं उकळा, दाणा पुन्हा कडक होत नाही.

पाणी. तुमच्या शहराला बरंचसं पाणी एडवर्ड्स अॅक्विफर या भूजलसाठ्यातून येतं आणि तो अख्खा चुनखडीचा आहे. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसत असेल तर तोच चुना तुमच्या दाण्यांच्या सालीतही जातो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतात. आत लगदा आणि साल चिवट, ही तक्रार बहुधा इथूनच येते.

मीठ. ऐकलंय ते उलटं आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. म्हणून भिजवतानाच मीठ घाला: १ लिटर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच सपाट टीस्पून बारीक मीठ. ४५० ग्रॅम दाण्यांना २ लिटर पाणी पुरतं. ८ ते १२ तास ठेवा, मग ते पाणी ओतून द्या आणि दाणे एकदा धुवा. शिजवताना पुन्हा १ टीस्पून मीठ घाला, उरलेलं शेवटी चव बघून. टेक्ससच्या उन्हाळ्यात भांडं ओट्यावर ठेवू नका. पाण्यावर फेस आणि आंबूस वास येतो, त्यापेक्षा सरळ फ्रीजमध्ये ठेवा.

वाफ. प्रेशरखाली आतलं पाणी १०० अंशांच्या वर असतं. झडप उघडली की ते एकदम खळाखळा उकळतं, दाण्याच्या आतलंही. साल टराटर फाटते. तुमचे फुटलेले दाणे म्हणजे हेच. पॉट बंद करून वाफ आपली आपण जिरू द्या, २० ते २५ मिनिटं लागतात. त्या वेळातही दाणा शिजतच असतो, म्हणून भिजवलेल्या पिंटोला प्रेशरवर १२ मिनिटं बास.

पाण्याचं माप. प्रेशरमध्ये पाणी आटत नाही हे लक्षात घ्या. भिजलेल्या ४५० ग्रॅमला ५ कप पुरे, म्हणजे दाण्यांच्या वर जेमतेम बोटभर. ८ कप घातलेत तर रस पातळच राहणार.

भांडं निम्म्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल घाला, म्हणजे फेस झडपेपर्यंत चढत नाही.

गणंगशोधक

मंद_आच यांनी सगळं सांगितलं, फक्त "मधूनच एखादा खडा" राहिला. त्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

पहिलं कारण गणंग. हा दाणा पाणीच पीत नाही. भिजवल्यावर बाकीचे फुगून जवळपास दुप्पट वजनाचे होतात आणि हा होता तसाच छोटा, चकचकीत राहतो. रोळीत उपसल्यावर पसरून बघा आणि निवडून टाका. पिशवीत असे थोडे निघतातच.

दुसरं कारण जुना माल. हा दाणा पाणी पितो, फुगतो, दिसतो छान, पण तासन्‌तास शिजवूनही आत पिठूळ होत नाही. गरम, दमट जागी बरेच महिने पडून राहिलेल्या दाण्यांचं हे होतं. यावर भिजवण्याचा काही उपयोग नाही. नव्या मालाचा रंग फिकट दुधट-तपकिरी असतो, ठेवणीत तो काळपट तांबूस होत जातो. खप जास्त असलेल्या मेक्सिकन दुकानातून आणा. टेक्ससमध्ये ते शोधावं लागणार नाही. नवी पिशवी जुन्या डब्यात ओतून मिसळू नका. दोन वयांचे दाणे एका वेळेत शिजत नाहीत, मग निम्म्यांचा लगदा आणि निम्मे कच्चे.

भिजलं का हे कसं ओळखायचं? आधी साल पाणी पिते आणि सुरकुतते, आतली डाळ नंतर फुगून त्या सुरकुत्या भरून काढते. सुरकुतलेला दाणा म्हणजे काम अर्धवट. एक दाणा मधोमध उभा चिरा. दोन डाळींच्या मध्ये पोकळी दिसली किंवा गाभ्यात खडूसारखा पांढरा ठिपका राहिला तर अजून दोन तास द्या.

सोडा: पाणी फारच जड असेल किंवा माल जुना असेल तरच. शिजवायच्या पाण्यात ४५० ग्रॅमला पाव टीस्पून, त्याहून कणभरही जास्त नको. जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाण्याचं पीठ होतं आणि बी१ जीवनसत्त्व नासतं. माझं मत विचाराल तर सोड्याआधी आरओचं पाणी वापरून बघा.

ओला_फ्रिहोल

थोडा विरोध नोंदवतो. मेक्सिकोत, विशेषतः पिंटो खाणाऱ्या उत्तरेकडच्या भागात, कितीतरी घरांत दाणे भिजवतच नाहीत. निवडून, खडे काढून, धुऊन थेट मातीच्या किंवा जाड बुडाच्या भांड्यात. त्याला फ्रिहोलेस दे ला ओया म्हणतात, ओया म्हणजे हंडी. न भिजवलेल्या दाण्यांचा रस जास्त गडद आणि चवदार उतरतो, कारण रंग आणि चव भिजवणाच्या पाण्याबरोबर मोरीत जात नाही. तुम्हाला खानावळीतला रस हवा असेल तर एकदा हे करून बघा.

४५० ग्रॅम दाण्यांना अडीच लिटर पाणी. अर्धा कांदा न चिरता, ४-५ लसूण पाकळ्या ठेचून, २ मोठे चमचे तेल, १ बे लीफ. इंडियन स्टोअरमधलं तमालपत्र दालचिनीच्या अंगाने जातं, ते इथे नको. मेक्सिकन दुकानात 'लॉरेल' मागा. उकळी फुटली की १० मिनिटं जोरात उकळू द्या, मग आच इतकी कमी करा की पृष्ठभाग नुसता थरथरेल आणि कडेला मधूनच बुडबुडा येईल. रटरट शिजवलं की दाणे एकमेकांवर आपटून साली सुटतात. झाकण किंचित तिरकं ठेवा. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं राहिलंच पाहिजे. कमी पडलं तर शेजारच्या शेगडीवरचं आधण घाला. गार पाणी घातलं तर उकळी मोडते आणि अर्धा तास वाढतो. मीठ तासाभराने, दीड टीस्पून.

न भिजवलेल्याला २ ते ३ तास, भिजवलेल्याला १ ते दीड. घड्याळावर विसंबू नका. चमच्यात चार-पाच दाणे घेऊन फुंकर मारा. साली सुटून कुरळ्या झाल्या तर जवळ आलंय. मग पाच दाणे खाऊन बघा, पाचही मऊ हवेत. चार मऊ आणि एक कचकचीत असेल तर अजून २० मिनिटं.

इन्स्टंट पॉटला न भिजवता: ७ कप पाणी, ४० मिनिटं, वाफ आपली आपण.

तोटा एकच. भिजवणाच्या पाण्यात गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग निघून जातो, तो इथे पोटात जातो. ज्यांना त्रास होतो त्यांनी भिजवावं आणि रसाचा मोह सोडावा.

मंद_आच

@ओला_फ्रिहोल, मऊ पाण्याच्या गावात मान्य. सॅन अँटोनिओच्या नळाला मिठात भिजवणंच बरं. रस दाट करायला वेगळा उपाय आहे: झाकण काढून पॉटच्या सॉटे बटणावर (उघड्यावर परतायची सोय) १५-२० मिनिटं उकळू द्या, डावभर दाणे भांड्याच्या कडेला घोटून रसात सोडा. पाच मिनिटांत रस मिळून येतो. फार पातळ असेल तर दोन डाव. कॉर्नफ्लोअर वगैरे लावू नका.

एक धोका इथेच लिहून ठेवतो. स्लो कुकरमध्ये कच्चे दाणे थेट टाकू नका. राजमा-घेवडा वर्गातल्या सगळ्या दाण्यांत कमी-जास्त प्रमाणात एक लेक्टिन, म्हणजे कच्चं असताना बाधणारं प्रथिन, असतं. लाल राजम्यात सर्वांत जास्त, पिंटोत कमी, पण असतंच. ते उकळत्या पाण्यातच मोडतं. स्लो कुकर लो वर तेवढं तापत नाही आणि अर्धकच्च्या दाण्यांनी उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात गॅसवर ३० मिनिटं खळखळून उकळा, मग स्लो कुकर.

आमटीभुरका

मिठात भिजवून, आरओच्या पाण्यात, १२ मिनिटं, वाफ न सोडता केलं. साल आहे हे कळलंसुद्धा नाही. तीन गणंग निघाले.

आता दोन प्रश्न. खानावळीतली ती धुरकट चव कशाने? आणि यांची उसळ होते का? मोड आणून?

ओला_फ्रिहोल

धुरकट चव बहुतेक ठिकाणी बेकनची किंवा डुकराच्या चरबीची असते. चार्रो बीन्स या रसदार मेक्सिकन पदार्थात तर बेकन हवंच. रिफ्राइड बीन्सच्या (घोटून परतलेल्या दाण्यांच्या) टिनवरही 'लार्ड', म्हणजे डुकराची चरबी, लिहिलंय का ते वाचत जा. शाकाहारीत चिपोत्ले वापरा. ही धुरावलेली, वाळवलेली हालापेन्यो मिरची, अदोबो नावाच्या आंबट चटणीत टिनमध्ये मिळते. ४५० ग्रॅमला एक मिरची आणि चमचाभर चटणी. चटणीत व्हिनेगर असतं, तेव्हा दाणे शिजल्यावरच. शेवटी मेक्सिकन ओरेगानो अर्धा टीस्पून, कसुरी मेथीसारखा तळहातांत चोळून.

आणि उरलेल्यांचे रिफ्राइड करा. मूळ नाव रेफ्रितोस, त्यातला 'रे' म्हणजे पुन्हा नव्हे, तर 'चांगलेच'. ३ मोठे चमचे तेलात बारीक कांदा तांबूस करा, ३ कप शिजलेले दाणे आणि १ कप रस घालून पावभाजीच्या मॅशरने घोटा. हवं त्यापेक्षा सैल असतानाच गॅस बंद करा, निवताना बरंच आळतं.

गणंगशोधक

उसळ होते, पण मोडांच्या फंदात पडू नका. मटकीसारखे सरळ, एकसारखे मोड यायचे नाहीत. निम्मे दाणे येतात, निम्मे कुजतात. आले तरी हे मोड कच्चे खायचे नसतात, कारण तेच, लेक्टिन.

दाणे आधी वेगळे पूर्ण शिजवा, मग फोडणीला द्या. शिजलेल्या ३ कपांना: २ मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, एक कांदा, तिखट, दीड टीस्पून गोडा मसाला. दाणे रसासकट ओता, ४ आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ टाकून १० मिनिटं मंद आचेवर. आमसुलं शेवटी का, ते वर आलंच आहे. ओलं खोबरं उतरवताना. पिंटो मुळात पिठूळ असल्याने रस आपोआप अंगाबरोबर होतो, वाटणाची गरज पडत नाही. ज्यांनी साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्याची आमटी खाल्ली आहे त्यांना हा पोत ओळखीचा वाटेल. दोन्ही एकाच जातीचे दाणे.

भारतात करणाऱ्यांनी पिंटोऐवजी चित्रा राजमा घ्यावा. आपल्या शिट्टीच्या कुकरला शिट्ट्या मोजू नका, मोठ्या आचेवर त्या भराभर होतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक, तिथून १२ मिनिटं, मग वाफ जिरेपर्यंत हात लावायचा नाही.

मंद_आच

उरलेले ठेवताना कोरडे निथळून ठेवू नका, साली फाटतात. रसात बुडवूनच ठेवा. पसरट भांड्यात दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने. एका पौंडाचे साधारण ६ कप होतात, दीड-दीड कपाच्या पिशव्या केल्या तर एका टिनएवढं माप होतं. फ्रीजमध्ये रस खरवसासारखा थिजतो, ते बिघडलेलं नाही. अर्धी वाटी आधण घालून मंद आचेवर हलवा, मोकळा होतो.