जग्वार एक्सके१२० (१९५२), दापोलीजवळ, रिस्टोअर केलेली: बघायला जाताना काय काय तपासू?

खाडीकाठ
मंडळी, दापोली तालुक्यात समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर एक एक्सके१२० विकायला आहे. ओपन टू-सीटर, उजव्या हाताचं स्टिअरिंग, १९५२ची. रिस्टोरेशन २०१४ साली झालं. तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये आहे, खाली सारवलेली जमीन, अंगावर निळी ताडपत्री. फोटोत क्रीम रंग झकास दिसतोय, पण दोन्ही दारांच्या खालच्या कडेला मुगाएवढे फोड आहेत. व्हिडिओत इंजिन लगेच सुरू होतं, मात्र कार्बोरेटरजवळून 'स्स्स' असा आवाज येत राहतो आणि मागून काळा धूर. चेसिस नंबर ६६० ने सुरू होतो, इंजिन नंबर 'जी' ने. मालकांचं म्हणणं, सगळे नंबर मॅचिंग, म्हणजे कारखान्यातून आले तेच. बघायला दोन तास मिळणार आहेत. घेतली तर गाडी गुहागरला राहील. आधी काय बघू, आणि कशावरून माघारी फिरू?

चेसिसवही
दापोलीला जायच्या आधीच एक गोष्ट मिटली: हे इंजिन या गाडीचं नाही. एक्सके१२०ची इंजिनं 'डब्ल्यू' आणि नंतर 'एफ' अक्षराची. 'जी' म्हणजे एक्सके१४०, जी १९५४ अखेर बाजारात आली. १९५२च्या गाडीत ते कारखान्यातून बसलेलं असूच शकत नाही. इंजिन वाईट आहे असा याचा अर्थ नाही. दोन्ही ३४४२ सीसी, आणि १६० ऐवजी १९० अश्वशक्ती. चालवायला उलट बरंच. पण मॅचिंग नंबरचे पैसे देऊ नका.

६६० मात्र बरोबर आहे. उजव्या स्टिअरिंगच्या ओपन गाड्या ६६०००१ पासून, डाव्या ६७०००१ पासून. एकूण एक्सके१२० बारा हजारांच्या घरात बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला डाव्या स्टिअरिंगच्या गेल्या. त्यामुळे उजवी ओपन गाडी संख्येनेच कमी. नंबरच्या आधी 'एस' असेल तर स्पेशल इक्विपमेंट. तो 'एस' नंतर ठोकलेला नाही ना, हे भिंगातून बघा. अक्षराची उंची आणि खोली बाकीच्या आकड्यांसारखीच हवी.

बल्कहेडवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या) पितळी पट्टीवर चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चार नंबर असतात. पट्टी नवी मिळते, म्हणून तिच्यावर भरवसा नको. चेसिसच्या लोखंडावरचा ठसा आणि ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरचा ठसा, दोन्ही कापडाने पुसून फोटो काढा. जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून सर्टिफिकेट मागवता येतं. त्यात मूळ चारही नंबर, मूळ रंग, रवानगीची तारीख आणि कुठल्या डीलरला गेली ते येतं. क्रीम हाच मूळ रंग का, तेही कळेल.

आता कागद. आरसीवर कुठला इंजिन नंबर आहे? जुना 'डब्ल्यू' असेल आणि गाडीत 'जी' असेल तर नावावर करताना अडणार. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले: पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनमध्ये मोठा फेरफार नसलेली. नवी नोंदणी २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात 'व्हीए'. ज्यांची नोंदणी आधीच आहे त्यांना जुना नंबर ठेवता येतो. 'फेरफार नसलेली' हे शब्द नीट वाचा आणि इंजिन नंबराची दुरुस्ती आरसीवर विक्रेत्यालाच करून द्यायला लावा, तीही पैसे देण्याआधी.

पत्रा_आणि_पुट्टी
फोडांबद्दल. १९४८च्या लंडन शोमध्ये ही गाडी आली तेव्हा पहिल्या साधारण २४० गाड्यांची बॉडी ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमची होती. १९५० पासून बॉडी स्टीलची झाली, पण दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच राहिलं. म्हणजे ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून, मधे खारं पाणी. बॅटरीच झाली ती. यात झिजतं ते ॲल्युमिनियम. फोड नखाने हळूच फोडून बघा (मालकांना विचारून). आतून लाल गंज आला तर स्टील, पांढरी, मिठासारखी पूड आली तर ॲल्युमिनियम. पांढरी पूड आली की वरचा रंग खरवडून पुन्हा रंगवण्यात अर्थ नाही, दोन वर्षांत परत येते. स्किन (दाराचा बाहेरचा पत्रा) उघडून कड साफ करायची, दोन्ही धातूंवर एपॉक्सी प्रायमर, मधे झिंक क्रोमेटची पेस्ट, मगच कड परत दुमडायची. नट-बोल्ट स्टेनलेसचे लावले म्हणून सुटका नाही. ॲल्युमिनियमला टेकलेलं स्टेनलेस खाऱ्या हवेत तेवढाच त्रास देतं, खाली नायलॉनचा वॉशर लागतो.

फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून न्या. पुढच्या-मागच्या विंगला (चाकांवरच्या पत्र्याला) चिकटायला हवं, बॉनेट-दार-डिकीला नाही. विंगवर चिकटलं नाही तर तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर दोन्ही धातूंवर चालणारं घ्या. अडीचशे मायक्रॉनपर्यंत चालून जाईल, पाचशेच्या पुढे आत काहीतरी झाकलेलं आहे.

हात घालायच्या जागा: पुढच्या चाकामागे विंगचा खालचा भाग, सिल (दाराखालची पट्टी), डिकीतल्या स्टेपनीचा तळ, मागचे स्पॅट (चाकांवरची झाकणं) काढल्यावर आतली कड. लाल माती तिथेच साचते, आणि भिजली की पावसाळाभर ओली राहते. चेसिस बॉक्स सेक्शनची आहे, बाहेरून पातेल्यासारखी लख्ख दिसली तरी आतून गेलेली असू शकते. मागच्या स्प्रिंगच्या टोकांजवळ लाकडी मुठीने ठोका. 'टण' यावं, 'थड' नको. भाड्याने एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) मिळत असेल तर भोकांतून आत घाला. सीटमागचं फ्लोअर प्लायवुडचं असतं, तिथेच सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. ॲसिडने तो कोपरा हमखास खाल्लेला.

खाडीकाठ
धन्यवाद! मालकांना फोनवर चुंबक लावायला सांगितलं. बॉनेट आणि उजव्या दाराला चिकटत नाही, डाव्या दाराला खालच्या अर्ध्या भागात चिकटतं.

पत्रा_आणि_पुट्टी
म्हणजे डाव्या दाराचा खालचा भाग स्टीलच्या पट्टीने जोडलाय, बहुतेक रिव्हेट ठोकून. त्या दाराचे फोड बहुतेक याच जोडावर आहेत. दार उघडून ट्रिम काढा. आत ॲश लाकडाची चौकट असते, ती तळाशी बोटाने दाबा. मऊ लागली तर दार नव्याने बांधावं लागेल. एका दाराचं काम आठवडाभराचं नसतं, महिन्यांचं असतं. किमतीत धरा.

मुठीतला_पाना
तो 'स्स्स' आवाज मुख्य कार्बोरेटर बिघडल्याचा नाही. या गाड्यांना चोकऐवजी छोटा तिसरा स्टार्टिंग कार्बोरेटर असतो, सोलेनॉइडवर (विजेच्या चुंबकावर) चालणारा. पाणी साधारण ३५ अंशांच्या वर गेलं की थर्मल स्विचने तो बंद व्हायला हवा. आपल्याकडे मे महिन्यात इंजिन थंड असतानाच पाणी त्या जवळ असतं, म्हणून तो जवळजवळ लागतच नाही. तुमच्याकडे बंदच होत नाही, म्हणून मिश्रण घट्ट आणि धूर काळा. इंजिन गरम झाल्यावर सोलेनॉइडची वायर काढा. आवाज थांबला तर स्विचचे पॉइंट चिकटलेत. चालूच राहिला तर आतली डिस्क अडकलीय, ती साफ करायची. बरेच जण स्विच काढून डॅशखाली साधं बटण बसवतात. स्वस्त आणि खात्रीचं.

मोजायचं ते: गरम इंजिनावर ३००० फेऱ्यांना ऑइल प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास. सहाही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन. आकडा किती यापेक्षा सहांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे का, हे महत्त्वाचं. आकडे लिहिताना भान ठेवा, जग्वार एक नंबर मागून, फ्लायव्हीलकडून मोजते. मेकॅनिक पुढून मोजून बसतो. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ उलटी मोजली तरी तीच येते, पण ठिणगी क्रँकचा पूर्ण एक फेरा चुकते आणि गाडी सुरूच होत नाही. तुमची सुरू होतेय, तेव्हा तो घोळ नाही.

क्रँकच्या मागच्या दोरी-सीलमधून थेंब गळणं हा दोष नव्हे, स्वभाव. पाण्याच्या वाटेत मात्र लक्ष द्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि विहिरीचं खारवट पाणी भरलं की हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या जातात. रेडिएटरचं पाणी गढूळ-तपकिरी असेल तर हेड उतरवावं लागेल असं गृहीत धरा. नंतर फक्त डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल: कार्बोरेटरच्या जेटभोवती कॉर्कची सील असते, ती इथेनॉलने आकसते आणि गळते. जुने रबरी पाइपही सुजतात. सील आणि पाइप बदला, जेटचा षटकोनी नट दोन बाजूंएवढा फिरवून खाली करून मिश्रण थोडं घट्ट करा. टाकी सुमारे ६८ लिटरची आहे. पावसाळ्यात अर्धी ठेवली की तिच्यात पाणी धरतं.

अर्थिंगही बघा. मूळ गाडी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. कुणी उलटी करून ठेवली असेल तर अमीटर उलटा दाखवतो.

कौलारू_गॅरेज
ठेवण्याबद्दल थोडं. सारवलेली जमीन आणि ताडपत्री हा जोड सर्वांत वाईट. खालून ओल, वरून कोंडमारा. गुहागरला कोबा करताना खाली जाड प्लास्टिक अंथरा, गाडीवर सुती कव्हर, बंद खोलीत डीह्युमिडिफायर ५० ते ५५ टक्क्यांवर. एप्रिलच्या उन्हात पत्रा पूर्ण सुकला की सिल, दारं आणि चेसिसमध्ये कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण), साधारण तीन-चार लिटर. जूनमध्ये मारला तर आत ओल कोंडून राहते. दारातली पाणी जायची भोकं वॅक्सने बुजली का, ते काडी घालून बघा.

आठवड्याला दहा मिनिटं जागेवर सुरू ठेवू नका. तेल गरम होत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. पंधरा दिवसांनी अर्धा-पाऊण तास चालवा. ब्रेक ऑइल डॉट ४, दर वर्षी. इथल्या दमट हवेत ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून जाम होतात. उंदरांसाठी एक्झॉस्टच्या तोंडाला जाळी, नाहीतर गणपतीपर्यंत आत संसार थाटतील.

आणि दाभोळ-धोपावे फेरीने आणणार असाल तर ओहोटीला नको. तेव्हा रॅम्पचा चढ वाढतो आणि या गाडीचा एक्झॉस्ट खूप खाली आहे, चढताना पहिला तोच घासतो. भरतीची वेळ विचारून निघा, आणि उतरल्यावर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुवा.