कोवालचुकचा १७ वर्षांचा करार: लवादाने काय निकाल द्यावा?

न्यूअर्कची_गाडी (५ ऑगस्ट २०१०)

मंडळी, आधीच सांगतो, हॉकी म्हणजे बर्फावरची, ध्यानचंदवाली नाही. "हॉकीत एवढा पैसा?" हे कृपया विचारू नका, घरी फोन केला की बाबा दर वेळी तेच विचारतात.

तर आमच्या न्यू जर्सी डेव्हिल्सनी १९ जुलैला इल्या कोवालचुक या रशियन खेळाडूशी करार केला, १७ वर्षं, १० कोटी २० लाख डॉलर. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद, हारतुरे, फोटोबिटो सगळं झालं आणि लगेच लीगने, म्हणजे एनएचएलने, करार फेटाळला, का तर म्हणे सॅलरी कॅपला (एका टीमने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा ती मर्यादा) बगल दिलीय. प्लेयर्सच्या युनियनने तक्रार केली, दोन्ही बाजूंनी मिळून रिचर्ड ब्लॉक यांना लवाद नेमलं, काल-आज सुनावणी झाली आणि आता सगळे नखं खात बसलेत.

पगार असा: पहिली २ वर्षं ६० लाख, मग ५ वर्षं १ कोटी १५ लाख, मग एकेक वर्ष १ कोटी ५ लाख, ८५ लाख, ६५ लाख, ३५ लाख, साडेसात लाख, आणि शेवटची ५ वर्षं फक्त साडेपाच लाख. कॅपमध्ये धरतात ती सरासरी, म्हणजे वर्षाला ६० लाख.

माझं मत: लीग रडतेय. होसाचा १२ वर्षांचा करार शिकागोत चालला, लुओंगोचा १२ वर्षांचा व्हँकुव्हरमध्ये चालला, डिपिएत्रोला तर २००६ मध्येच १५ वर्षं दिलेली, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. आमची पाळी आली की लगेच नियम आठवले.

---

थंडगार_सातारकर

पोटात दुखलं नाही असं नाही हो, होसा, लुओंगो, प्राँगर आणि सव्हार्ड चौघांच्या करारांची चौकशी लीगने लावलेली आहे.

आणि शेवटच्या पाच वर्षांकडे बघा ना. हा माणूस आज २७ चा, करार संपेल तेव्हा ४४ ला टेकलेला असेल. त्या वयात साडेपाच लाखात, म्हणजे जवळपास किमान पगारात, तो हाडं मोडून घेणार आहे? टीमलाही माहितीय, त्यालाही माहितीय, एजंटला तर सगळ्यात जास्त माहितीय, की तो तेव्हा खेळणार नाहीये. ती वर्षं फक्त सरासरी खाली ओढायला लावलीत. पहिल्या ११ वर्षांतच ९ कोटी ८५ लाख मिळतायत. आणि पस्तिशीच्या आत सही केली असेल तर पुढे रिटायर झाल्यावर कॅपवरचा बोजा गायब!

आपल्याकडे फ्लॅट घेताना खरेदीखतात कमी किंमत दाखवतात आणि बाकीचे कॅश, तसलाच प्रकार हा.

---

न्यूअर्कची_गाडी

उपमा साफ चुकली. कॅशवाल्या व्यवहारात लपवाछपवी असते, इथे एक डॉलर तरी लपवलाय का? सगळे आकडे लीगच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिले, तेही सहीशिक्क्यासकट.

दुसरं, पगार वर्षाला किती खाली आणायचा याचा नियम लीग आणि युनियनच्या करारनाम्यात आहेच की. पहिल्या दोन वर्षांतला जो कमी पगार त्याच्या निम्म्याहून जास्त एका वर्षात उतरवता येत नाही. म्हणजे इथे ३० लाख. आता वरचे आकडे परत बघा, ६५ चे ३५ केलेत, बरोब्बर ३०, नियमाच्या रेषेवर पाय ठेवून. वर्षांवर मर्यादा घालायची होती तर २००५ मध्ये घालायची, अख्खा २००४-०५ चा सीझन लॉकआउटमध्ये घालवलात ना त्या करारनाम्यासाठी? तेव्हा काय झोपले होते सगळे?

---

थंडगार_सातारकर

रेषेवर पाय ठेवून चालणाऱ्यालाच संशयाने बघतात. आणि बगल द्यायला बंदी आहे हे कलमही त्याच करारनाम्यात आहे, ते का विसरता? नुसती बेरीज-वजाबाकी तपासायची असती तर लवाद कशाला, कॅलक्युलेटर पुरला असता.

बाकी तुमच्याच जनरल मॅनेजरनी, लामोरिएलोंनी, त्याच पत्रकार परिषदेत साधारण असं म्हटलंय की असले करार असूच नयेत. नवरदेवच मांडवात म्हणतोय की ही लग्नं होऊ नयेत, आता बोला.

---

परळची_सुमन

हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही, मुलाच्या नादाने मॅच बघते, न्यूअर्कला एकदा गेले आणि गारठून आले. पण लवाद हा शब्द वाचून थांबले.

माझे वडील गिरणीत होते. एका भत्त्याचं प्रकरण लवादाकडे गेलेलं, मी चौथीत होते. रोज संध्याकाळी वडील आले की आई दारातच विचारायची, "लागला का?" आणि ते नुसती मान हलवून पाय धुवायला जायचे. मी दहावी झाले तरी आई विचारायचीच. पुढे ८२ चा संप झाला, मग काय, भत्ताही गेला आणि गिरणीही गेली, त्या निकालाचं काय झालं ते आजतागायत आम्हाला कळलं नाही.

इथे वीस दिवसांत नियुक्ती, सुनावणी, निकाल सगळं उरकतंय. करोडपती असल्यामुळे नाही बरं का, दोन्ही बाजूंना सप्टेंबरमध्ये कॅम्प सुरू करायचाय म्हणून. मालकालाही घाई असली की लवाद पळतो. मी कोवालचुकच्या बाजूने. मालकाने एकदा सही केली की मागून येऊन "मला असं म्हणायचं नव्हतं" हे चालता कामा नये.

---

ताकमिरची

सुमनताई, वाचून वाईट वाटलं, पण इथे सही करणारा मालक माघार घेत नाहीये हो, बाकीचे २९ मालक लीगच्या नावाने आडवे आलेत. आणि युनियन लढतेय ते नक्की कुणासाठी हाही प्रश्नच आहे.

हिशोब असा: लीगच्या उत्पन्नात खेळाडूंचा वाटा ठरलेला, उत्पन्न २७० कोटींच्या वर गेलं की ५७ टक्के. सगळ्यांचे पगार मिळून त्याच्यावर गेले तर जास्तीचे एस्क्रोमधून (पगारातून कापून बाजूला ठेवलेली रक्कम) मालकांना परत, आणि तो एस्क्रो सगळ्यांच्याच पगारातून कापतात. म्हणजे कॅपमध्ये ६० लाख दाखवून हातात १ कोटी १५ लाख पडणार असतील तर वरचे ५५ लाख मालकाच्या खिशातून जातात असं वाटतं, पण शेवटी ते चौथ्या फळीत खेळणाऱ्या, डोकं फोडून घेणाऱ्या पोरांच्या कापलेल्या पैशातूनच येतात. गिरणीच्या भाषेत सांगायचं तर जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, वाढीव पगारासाठी बदली कामगारांची पगारकपात.

---

न्यूअर्कची_गाडी

ताकमिरची, हा मुद्दा भारी आहे, मान्य. पण तो होसालाही लागू, लुओंगोलाही लागू. ते खेळतायत आणि कोवालचुक घरी बसलाय, हा कुठला न्याय?

---

थंडगार_सातारकर

चार जण सिग्नल तोडून गेले म्हणून पाचव्याची पावती फाडायची नाही?

---

पुणेरी_पक

हे ब्लॉक तेच ना, ज्यांनी २००५ मध्ये अमेरिकन फुटबॉलवाल्या टेरेल ओवेन्सच्या त्याच्या ईगल्स टीमशी झालेल्या भांडणात टीमच्या बाजूने निकाल दिला होता? मग लागला निकाल, झोपा.

---

न्यूअर्कची_गाडी (९ ऑगस्ट)

लागला. हरलो. करार रद्द, कोवालचुक परत मोकळा, आता लॉस एंजेलिसवाले पुन्हा गळ टाकणार.

निकालातलं एक वाक्य टोचतंय. ब्लॉक म्हणतात की गेल्या २० वर्षांत सुमारे ३४०० खेळाडूंपैकी ४२ व्या वर्षापर्यंत खेळलेले फक्त ६. अहो पण चेलिओस याच वर्षी ४८ व्या वर्षी अटलांटाकडून खेळला, गॉर्डी हाव ५२ ला खेळला. सहाच का असेनात, आहेत ना?

---

थंडगार_सातारकर

३४०० त ६. लॉटरीच्या तिकिटावर गृहकर्ज द्याल का?

पण एक मानतो. १७ वर्षं हीच चूक असं ब्लॉक म्हणत नाहीत, सगळी मांडणी एकत्र बघून ते ठरवतात, आणि बाकीचे चार करारही तसेच दिसतात हे ते मान्य करतात. त्यामुळे तुमचा राग समजू शकतो, बाजू नाही.

---

परळची_सुमन

निकाल लागला हेच माझ्यासाठी नवल.

---

ताकमिरची (१२ जुलै २०१३)

धागा वर काढतोय, माफ करा. नंतरचं ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०१० मध्ये १५ वर्षं, १० कोटींचा नवा करार झाला, तो लीगने पास केला, पण आधीच्या करारासाठी डेव्हिल्सना ३० लाखांचा दंड केला आणि ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू टीम्समध्ये वाटून घेतात तो) दोन निवडीही काढून घेतल्या. आणि काल कोवालचुकने एनएचएलमधून निवृत्ती जाहीर केली. वय ३०. ७ कोटी ७० लाख डॉलर तसेच सोडून रशियात चाललाय.

आपण इथे चव्वेचाळिसाव्या वर्षी तो खेळेल का यावर भांडत होतो.

---

थंडगार_सातारकर

आणि यंदाच्या नव्या करारनाम्यात खेळाडूच्या कराराची वर्षं जास्तीत जास्त आठवर आणलीत, लवकर रिटायर झाला तर टीमच्या कॅपवर दंड. डेव्हिल्सना २०२५ पर्यंत दर वर्षी अडीच लाख. म्हणजे करार होता तेव्हा नसलेला नियम मागच्या तारखेने लावला. हे मात्र मलाही पटलं नाही.

---

न्यूअर्कची_गाडी

तीन वर्षं लागली, पण आलात ना माझ्या बाजूला.

---

थंडगार_सातारकर

तुमच्या नाही, अडीच लाखांच्या बाजूला. तो करार तेव्हाही चोरटाच होता.