सामना चालू असताना ‘नमो मरिये’ ही मेरीमातेची प्रार्थना म्हणावी का?

गावठाणकर:
2 नोव्हेंबर 2025 पासून आमच्या घरात एक वाद चालू आहे, म्हणून इथे विचारतो.

मी मरोळचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा मराठी कॅथलिक. चर्चमध्ये मराठी मिस्साला (रविवारच्या उपासनेला) कीबोर्ड वाजवतो. बहीण लग्न होऊन कॅनडात टोरँटोजवळ मिसिसागाला गेली आणि तिच्यामुळे मला बेसबॉलचं वेड लागलं. आमची टीम टोरँटो ब्लू जेज. 1992 आणि 1993 ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली, त्यानंतर थेट 2025 मध्ये पुन्हा तिथवर पोचली. सातवा सामना तिकडे शनिवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाचला, ऑल सोल्स डेच्या दिवशी. समोर लॉस एंजेलिसचे डॉजर्स. नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या इनिंगमध्ये टोरँटो 4-3 ने पुढे, जिंकायला दोनच आउट हवे होते. बहीण व्हिडिओ कॉलवर होती. तिने तिकडून ‘नमो मरिये’ सुरू केली आणि आईने स्वयंपाकघरातून ‘हे पवित्र मरिये’ म्हणत साथ दिली. तेवढ्यात डॉजर्सच्या मिगेल रोहासने होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) ठोकला. 4-4. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होम रनवर डॉजर्स 5-4 ने जिंकले.

काका संतापले. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची त्या दिवशी तुम्ही बॉलसाठी जपमाळ ओढता? आई म्हणाली, पोरगी एवढ्या लांब एकटी रडकुंडीला आलीय, मी गप्प बसू?

मी आईच्या बाजूचा आहे. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत लोक मेणाचं घर वाहतात, मेणाचे हातपाय वाहतात. बहिणीच्या व्हिसासाठी आईने मेणाचं विमान वाहिलं होतं, तेव्हा काका सोबत होते. ज्या माउलीला विमान चालतं तिला नववी इनिंग का चालू नये? मनात जे असेल तेच तिच्यापुढे ठेवायचं असतं, असं मी मानतो.

दुसरी गोष्ट संगीताची. अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर ऑर्गन वाजतो, 1941 साली शिकागोच्या रिग्ली फील्डपासून. त्याच शहरातल्या व्हाइट सॉक्सच्या मैदानावर नॅन्सी फॉस्ट 1970 ते 2010 ऑर्गनवर होत्या. खेळाडू बघून त्याला शोभेल अशी पॉप गाण्याची चाल त्या चटकन वाजवायच्या. आपले पोप लिओ चौदावे शिकागोचे, व्हाइट सॉक्सचे चाहते. 2005 च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना त्यांनी मैदानात बसून बघितला. हीच टीम 2024 च्या हंगामात 121 सामने हरली. अशा टीमवर जीव लावणारा माणूस पोप झाला याचा मला फार आनंद आहे. हरणाऱ्याची साथ न सोडणं ही मला श्रद्धेचीच तालीम वाटते. पण मी मिस्सातल्या अर्पणगीताला थोडा पॉपचा ठेका धरला की आमच्या कॉयरमधली मोठी माणसं मान हलवतात. तुमचं मत सांगा.

वसईची लेक:
तुम्हाला हरवणाऱ्या डॉजर्सचीच गोष्ट. तेव्हा ते ब्रुकलिनला होते. गिल हॉजेस, कॅथलिक, 1952 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये 21 वेळा बॅटिंगला उभा राहिला आणि एकही हिट नाही. पुढच्या मे महिन्यातही तेच हाल. तिथल्या एका फादरांनी रविवारी उकाड्यामुळे प्रवचनच दिलं नाही. घरी जा, आज्ञा पाळा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा, एवढंच सांगितलं. त्या हंगामात हॉजेसने 31 होम रन मारले. पण वर्ल्ड सिरीज मात्र न्यूयॉर्कच्या यांकीजनीच नेली. म्हणून मी खेळाडूसाठी प्रार्थना करते, निकालासाठी नाही. लॉस एंजेलिसमध्येही मेक्सिकन आया जपमाळ घेऊन बसल्या असतील की.

पार्कातला ऑफस्पिन:
मी हिंदू आहे, आमच्याकडे सामन्याआधी सिद्धिविनायकाला जातात, तेव्हा आईंचं मला पूर्ण पटतं. मला खटकतं ते धर्मावर टीम पाडणं. मुंबईत पेंटँग्युलर ही क्रिकेट स्पर्धा तशीच चालायची आणि गांधीजींचा तिला विरोध होता. पण 1943 ची फायनल विसरता येत नाही. सांगलीचे विजय हजारे, मराठी ख्रिस्ती, ‘द रेस्ट’ या ख्रिस्ती आणि इतरांच्या संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळले. त्यांच्या संघाच्या 387 धावांपैकी 309 त्यांच्या. भाऊ विवेकबरोबर 300 ची भागी, त्यात विवेकच्या 21. तरीही सामना हरले. ब्रेबॉर्नवर त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांनी हजाऱ्यांचा धर्म बघितला नसणार.

जुना टेनर:
ठेक्याबद्दल मी बोलतो, कारण मान हलवणाऱ्यांत मीही बसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनेवरच्या दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला पहिला मान आहे, पाइप ऑर्गनचा गौरव आहे, आणि उपासनेला साजतील अशी इतर वाद्यंही चालतात. म्हणजे गिटार, कीबोर्ड चालेल. पण लोकांना चाल ओळखीची वाटून मन गाण्याकडे गेलं तर अर्पण बाजूला राहतं. अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, किंवा शंकर-जयकिशनसाठी अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा, असे कितीतरी गोव्याचे वादक सिनेसंगीतात होते. त्या पिढीची स्वरलिपी चर्चच्या शाळांत पक्की झाली होती. देवळातलं स्टुडिओत गेलं, मग स्टुडिओतलं देवळात यायला माझी हरकत का? हरकत नाही, फक्त ड्रमचा ठोका काढ आणि बास डाव्या हाताने धर. प्रवेशगीताला ठेका चालेल. कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या वेळी, नको.

गावठाणकर:
टेनर अंकल, येत्या रविवारी असंच वाजवून बघतो. हॉजेसची गोष्ट काकांना वाचून दाखवली. त्यांनी एकच विचारलं, फादर कुठल्या चर्चचे?

वसईची लेक:
सेंट फ्रान्सिस झेवियर, ब्रुकलिन.

गावठाणकर:
मग झालं. काका दर वर्षी याच संताचं 3 डिसेंबरचं फेस्त करायला जुन्या गोव्याला जातात. आता विचारतायत, पुढचा हंगाम कधी सुरू होतो.