मदत हवी आहे: पाजताना शेजारी बसून बघणारं कुणी कसं शोधायचं?

माझी मुलगी आज १२ दिवसांची झाली. पाजायला घेतलं की ती नुसतं टोक धरते, खालचा ओठ आत मुडपलेला असतो, सोडते तेव्हा निप्पल चपटं आणि पांढरं पडलेलं दिसतं, आणि डाव्या बाजूला आता चीर पडलीये त्यामुळे तिची वेळ झाली की मलाच रडू येतं. दिवसरात्रीत १०-११ वेळा पाजते, ६-७ लंगोट ओले होतात, जन्माचं वजनही भरून आलंय, म्हणजे दूध पुरतंय ना? पण घरात सगळे म्हणतात दूध कमी आहे, वरचं सुरू कर. मला ६ महिने फक्त अंगावरचंच पाजायचंय हो.

डॉक्टरांनी तपासलं पण पाजताना कुणी बघितलंच नाही. लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे स्तनपान सल्लागार, निवडताना आयबीसीएलसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे का हे बघायचं ना? व्हिडिओ कॉलवर पकड खरंच कळते का, की प्रत्यक्षच दाखवावं? ला लेचे लीगसारख्या आयांच्या गटात कुणी गेलंय का, तिथे मोकळेपणाने बोलता येतं का? मराठीत नीट समजावलेलं काही असेल तर तेही सांगा, रात्री पाजताना वाचेन.